केस स्टीलची की क्रोमची? जुन्या घड्याळाला पॉलिश मारण्याआधी हे बघा

जुनं घड्याळ हाती आलं की पहिला प्रश्न ठरलेला: केसवर, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचावर, इतके ओरखडे आहेत, पॉलिश मारून घेऊ का? खरं तर ओरखडे किती आहेत हा पुढचा मुद्दा. आधी केस कशाची आहे ते बघावं लागतं. १९६० आणि ७०च्या दशकांतल्या पांढऱ्या चकचकीत केस मुख्यतः दोन जातींच्या. एक आरपार स्टेनलेस स्टीलची, दुसरी आतून पितळेची आणि वरून क्रोमचा मुलामा दिलेली. दुकानाच्या कपाटात शेजारी ठेवल्या तर भल्याभल्यांना ओळखू येत नाहीत. बफच्या, म्हणजे पॉलिश करायच्या मऊ चाकावर धरल्या की फरक लगेच कळतो, पण तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

सगळ्यात जास्त फसवतं ते मागचं झाकण. एचएमटीच्या अनेक घड्याळांच्या पाठीवर इंग्रजीत ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असं लिहिलेलं असतं. माणूस पहिले दोन शब्द वाचतो आणि खूश होतो. पण सांगण्यासारखी गोष्ट तिसऱ्या शब्दात आहे: फक्त पाठ स्टीलची, बाकीची केस नाही. घाम लागतो तो पाठीला, म्हणून तेवढी स्टीलची केली आणि वरचा भाग स्वस्तात पितळेचा ठेवला. जुन्या जपानी सेको घड्याळांवर हेच ‘बेस मेटल बेझल, स्टेनलेस स्टील बॅक’ (पुढची कड साध्या धातूची, पाठ स्टीलची) असं जरा जास्त प्रामाणिकपणे लिहिलेलं सापडतं. स्विस घड्याळांवर फ्रेंचमध्ये ‘फाँ आसिए’ दिसलं की तिथेही फक्त पाठच स्टीलची. पूर्ण केस स्टीलची असेल तर बहुधा नुसतं ‘स्टेनलेस स्टील’ किंवा ‘ऑल स्टेनलेस स्टील’ असतं.

लोहचुंबक लावून बघू नका. पितळेला चुंबक लागत नाही आणि घड्याळात वापरतात त्या नेहमीच्या स्टेनलेसलाही जवळपास लागत नाही. वर आतल्या बारीक स्प्रिंगमध्ये चुंबकत्व शिरलं तर घड्याळ पुढे पळायला लागतं. वजनावरूनही काही कळत नाही, दोन्ही धातू जवळपास सारखेच जड.

त्यापेक्षा पट्टा काढा आणि घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग घेऊन पट्टा अडकवायच्या चार पायांकडे बघा. पायांची टोकं, त्यांची आतली बाजू, चावीच्या आजूबाजूची कड. मुलाम्याची केस असेल तर इथेच कुठेतरी पिवळट झाक दिसते, किंवा बारीक फोड आलेले असतात, किंवा हिरवट मळ धरलेला असतो. स्टीलवर ओरखडा कितीही खोल असो, तळाशी तोच करडा रंग असतो.

दोन्ही केस चमकतात त्या क्रोमियममुळेच, पण ते वेगवेगळ्या जागी असतं. स्टेनलेस स्टीलमध्ये ते धातूतच मिसळलेलं असतं, किमान साडेदहा टक्के. वर त्याच्या ऑक्साइडचा पातळ पडदा असतो आणि खरचटलं तर तो हवेत आपोआप पुन्हा धरतो. पितळेच्या केसवर आधी निकेलचा थर, त्यावर क्रोमचा. हा क्रोमचा थर बहुधा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी. पितळी पातेल्याची कल्हई राखेने खसाखसा घासली की जे होतं, तेच इथे होतं. म्हणून क्रोमच्या केसला पॉलिश कधी करावं, याचं माझं उत्तर सरळ आहे: कधीच नाही. ब्रासोनेही नाही, टूथपेस्टनेही नाही. सोन्याच्या मुलाम्याचंही तेच. त्यावर ‘२० मायक्रॉन’ असा शिक्का असेल तर थर बराच जाड आहे, पण तोही संपणाराच.

स्टीलच्या बाबतीत गोष्ट इतकी सरळ नाही. घासलं तरी खाली स्टीलच असतं, त्यामुळे लोकांना वाटतं की यात काही जात नाही. जातात त्या कडा. ओमेगा स्पीडमास्टरच्या वळलेल्या पायांवर चकचकीत पट्टी आणि रेघारेघांचा भाग जिथे भेटतात, तिथे एक धारदार रेष असते. मऊ चाक ती रेष ओळखत नाही, दोन्ही बाजूंवरून सारखंच फिरतं. एकदा फिरवलं की रेष बोथट, आणखी दोनदा फिरवलं की पाय साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत. पायांना आरपार भोकं असतील तर त्यांच्या कडा ओघळल्यासारख्या होतात, पाठीवरची अक्षरं पुसट होतात. संग्राहक म्हणूनच पॉलिश न झालेल्या केसला जास्त पैसे मोजतात. लेसरने धातू भरून कडा पुन्हा काढणारे कारागीर आहेत, पण ते काम महागडं, आणि नेहमीच्या वापरातल्या घड्याळासाठी कोणी करत नाही.

तरी स्टीलला अजिबात हातच लावू नये असं मी म्हणणार नाही. एखाद्या पायाचा कोपरा ठेचून मनगटाला बोचत असेल तर तेवढाच हाताने साफ करून घ्यावा. आजोबांचं रोज वापरायचं घड्याळ असेल आणि ते विकायचं नसेल, तर चकचकीत भागावर कापडाने हलकं पॉलिश चालतं. खोल खड्डा मात्र राहू द्यावा. तो घालवायचा तर आजूबाजूचा सगळा धातू खड्ड्याच्या पातळीपर्यंत उतरवावा लागतो.

आणि अनेकदा केसचा काही दोषच नसतो. एचएमटी जनतासारख्या घड्याळाची काच अॅक्रिलिकची असते, म्हणजे प्लास्टिकच. तीच धुरकट झाल्यामुळे अख्खं घड्याळ म्हातारं दिसतं. ब्रासो किंवा टूथपेस्ट वापरायची हौस असेल तर ती इथे भागवा, केसला कागदी चिकटपट्टी लावून. काच नवी बसवली तरी फार खर्च येत नाही. मशीन काढून रिकामी केस कोमट साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने धुतली, पाठीच्या खाचेतला मळ लाकडी दातकोरणीने काढला, की मग केस खरोखर किती झिजली आहे ते दिसतं.

मुलामा पार उडून पितळेला खड्डे पडले असतील तर पुन्हा क्रोम चढवता येतं. पण चढवण्याआधी खड्डे घासून सपाट करावे लागतात, म्हणजे कडा इथेही जातातच. शिवाय कोरी चकचकीत केस आणि आत पिवळसर झालेली जुनी तबकडी, हे जमत नाही. मग तबकडीही रंगवून घेतली जाते. अशी नखशिखांत रंगरंगोटी केलेली एचएमटी आणि फेव्हर-ल्यूबा घड्याळं ऑनलाइन बाजारात ढिगाने मिळतात आणि परदेशी संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणून नाक मुरडतात. नाव आपल्या शहराचं असलं तरी त्यात अभिमान वाटण्यासारखं काही नाही. मला विचाराल तर पायांवर पितळ दिसणारी जनता तशीच घालावी. हिरवा मळ मात्र साठू देऊ नये.

सर्व्हिसिंगला घड्याळ देताना एक गोष्ट तोंडी न सांगता पावतीवर लिहून घ्या: ‘केसला बफ मारू नये.’ बरेच घड्याळजी आपलेपणाने, वेगळे पैसे न घेता केस चमकवून देतात, आणि ‘बघा, कसं नव्यासारखं केलंय’ म्हणून हातात ठेवतात.