नागरिकत्वाच्या बातम्या आणि नागपूरचे मुक्त पत्रकार

नागपुरातून नागरिकत्व, व्हिसा आणि स्थलांतर या विषयांवर सातत्यानं लिहिणारा मुक्त पत्रकार हवा, अशी विचारणा बाहेरच्या संपादकांकडून येते. मार्च २०२१ मध्ये ओसीआय कार्डधारकांना, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना, भारतात पत्रकारिता करण्यासाठी केंद्राची वेगळी परवानगी सक्तीची झाली. तेव्हापासून परदेशी माध्यमांची भिस्त इथल्या माणसांवर जास्त आहे. विचारणा बहुतेक वेळा एकाच वाटेनं जाते. ओळखीच्या वृत्तसंपादकाला फोन होतो, तो क्राइम बीटवाल्याचं, म्हणजे गुन्ह्यांच्या बातम्या सांभाळणाऱ्याचं, नाव सुचवतो आणि बातमी पोलिसांच्या प्रेसनोटवर उभी राहते. हा विषय नागपुरात पोलिसांच्या बीटमध्ये कसा जाऊन बसला आणि त्यावर खरं काम केलेली माणसं कुठे विखुरली, याची ही पार्श्वभूमी.

फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं जरीपटका, खामला, मेकोसाबाग या भागांत वसली. त्यांच्या नागरिकत्वाचा निकाल संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदानं लावला. १९ जुलै १९४८ पूर्वी आलेले आपोआप नागरिक ठरले, नंतर आलेल्यांना सहा महिन्यांच्या वास्तव्यानंतर नोंदणी करावी लागली. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं, सचिवालय इथंच होतं, त्यामुळे निर्वासितांच्या पुनर्वसनाची बातमी राजधानीची बातमी म्हणून छापली जायची. १९५६ नंतर राजधानी गेली, आणि ती बातमीही गेली.

विदर्भात आणखी दोन वस्त्या आहेत ज्यांचा प्रश्न याच खात्यात मोडतो. पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात वसवली गेली. त्यांतल्या चामोर्शी, मुलचेरा या बाजूच्या वस्त्या १९८२ पासून गडचिरोलीत मोडतात. दुसरी वस्ती तिबेटींची. ती १९७२ मध्ये प्रतापगड-गोठणगाव परिसरात उभी राहिली. आता ती गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात आहे, तरी कागदोपत्री आणि बोलण्यात अजून 'भंडारा' म्हणूनच ओळखली जाते. डिसेंबर २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं भारतात जन्मलेल्या एका तिबेटी तरुणीला जन्मानं नागरिक ठरवलं. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात इथं जन्मलेल्या प्रत्येकाला लागू पडेल असा तो अर्थ होता. या निकालाचा गोठणगावात काय परिणाम झाला, हे नागपूरच्या वाचकाला सलगपणे कुणी सांगितलं नाही.

याचं कारण वृत्तपत्राच्या रचनेत आहे. परकीय नागरिकांची नोंदणी पोलीस आयुक्तालयाच्या विशेष शाखेत होते, म्हणून व्हिसा संपलेल्या माणसाची बातमी क्राइम बीटकडे. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात जातात, म्हणून प्रमाणपत्राची बातमी महसूल बीटकडे. याचिका उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात, म्हणजे कोर्ट बीट. मोर्चा निघाला तर राजकीय बीट. एकाच कुटुंबाच्या एकाच फायलीचे चार तुकडे चार वेगळ्या माणसांकडे जातात आणि त्यांतला कुणीही ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत नाही. जून २०२१ मध्ये दहा वर्षं नागपुरात राहिलेल्या एका अफगाण नागरिकाला परत पाठवण्यात आलं. बातमी आली ती पोलीस कारवाई म्हणून. त्याचा आश्रयाचा दावा कुठे अडला, हा भाग कुणाच्याच बीटमध्ये बसत नव्हता.

तालुक्यांत तर पैशाचाच प्रश्न. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यानं अंशकालीन वार्ताहरालाही पत्रकार मानलं होतं, पण पत्रकारिता हाच मुख्य व्यवसाय हवा या अटीसह. तालुक्याच्या वार्ताहराचं झेरॉक्सचं दुकान असतं, शेती असते, शिकवण्या असतात. वेतन आयोग आले आणि गेले, त्याच्यापर्यंत पोचले नाहीत. त्याची खरी कमाई दिवाळी आणि वाढदिवसाच्या पुरवण्यांसाठी आणलेल्या जाहिरातींच्या कमिशनवर. ज्या पुढाऱ्याची अर्ध्या पानाची जाहिरात आणायची, त्याच्याच मतदारांपैकी कुणाचे कागद अपुरे आहेत हे त्यानं कसं लिहावं? मुलचेऱ्याची गोष्ट मुलचेऱ्यातून येत नाही ती यामुळे. ज्याला ती ठाऊक आहे त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

या सगळ्यात बदल घडवला तो २३ डिसेंबर २०१६ च्या एका अधिसूचनेनं, आणि माझ्या मते नागपूरच्या संदर्भात या विषयातला तोच सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. केंद्रानं सात राज्यांतल्या सोळा जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना नागरिकत्व देण्याचे आपले अधिकार सोपवले. महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, ठाणे आणि नागपूर होते. पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेशातून आलेले हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिश्चन अर्जदार यात येत होते. मुदत सुरुवातीला दोन वर्षांची होती, २०१८ मध्ये ती पुढे चालू ठेवण्यात आली.

त्याआधी फाईल नागपुरातून मुंबईला, मुंबईतून दिल्लीला जायची आणि गुप्तचर अहवालाची वाट पाहत पडायची. आता ती सिव्हिल लाइन्समध्येच, जिल्हाधिकारी कार्यालयात, निकाली निघू लागली. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर, म्हणजे सगळे 'एलटीव्ही' म्हणतात त्यावर, वर्षानुवर्षं राहिलेल्या जरीपटक्यातल्या लोकांना शपथ घेऊन प्रमाणपत्रं मिळू लागली. त्याच वर्षी एलटीव्हीधारकांना बँक खातं, पॅन, आधार, वाहन परवाना आणि राहण्यासाठी घर घेण्याची मुभाही मिळाली होती. पत्रकाराच्या बाजूनं पाहिलं तर पहिल्यांदाच या विषयाला एक पत्ता मिळाला. विचारायला एक टेबल होतं, उत्तर द्यायला एक अधिकारी, आणि उत्तर टाळलं तर माहितीचा अधिकार वापरायला एक जिल्हास्तरीय माहिती अधिकारी.

या निर्णयावर आक्षेप होते आणि ते आजही आहेत. अधिकार सोपवताना धर्मांची यादी का, हा त्यांतला मुख्य. समर्थकांचं म्हणणं असं की पात्रतेचा कायदा बदललेला नाही, फक्त सही कोण करणार ते बदललं आहे. कायद्याच्या अक्षरात दुसरं म्हणणं खरं आहे. पण रांग कुणाची लवकर सरकते हेही कायद्याइतकंच महत्त्वाचं असतं, आणि यादीबाहेरच्या अर्जदाराची फाईल जुन्याच वाटेनं दिल्लीला जात राहिली. हा भाग त्या वेळच्या बातम्यांत फार थोडा आला. बातम्यांत आला तो प्रमाणपत्र हातात धरलेल्या कुटुंबाचा फोटो.

ज्यांनी फोटोच्या पलीकडे पाहिलं त्यांना कलमं शिकावी लागली. मूळ भारतीय वंशाच्या माणसाला नागरिकत्व कायद्याच्या पाचव्या कलमाखाली सात वर्षांच्या वास्तव्यावर नोंदणी मिळते, पण त्यासाठी तो स्वतः किंवा त्याच्या आई-वडिलांपैकी कुणीतरी अविभाजित भारतात जन्मलेला हवा. १९४७ पूर्वी सिंधमध्ये जन्मलेल्यांची मुलं या कलमात बसतात, नातवंडं बसत नाहीत. स्वतःच्या वास्तव्यावर अर्ज करायचा तर नातवंडांना सहाव्या कलमानं जावं लागायचं, म्हणजे तेव्हा एकूण बारा वर्षं. एकाच घरात वडील सात वर्षांत नागरिक आणि मुलगा अजून पाकिस्तानी पासपोर्टवर, हे चित्र त्यातून तयार झालं. पासपोर्टची मुदत संपली की नूतनीकरणासाठी दिल्लीतल्या पाकिस्तानी उच्चायोगाच्या खेपा. ही गुंतागुंत समजून लिहिणारे मोजके बातमीदार याच काळात तयार झाले. त्यांतले बरेच हिंदी आणि सिंधी वाचकांसाठी लिहिणारे होते, म्हणून मराठी आणि इंग्रजी संपादकांच्या यादीत त्यांची नावं सहसा दिसत नाहीत.

डिसेंबर २०१९ मध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा, म्हणजे सीएए, संमत झाला आणि त्याच महिन्यात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपुरातच भरलं. बाजूनं आणि विरोधात दोन्हीकडून लोक रस्त्यावर आले, राज्यभरचे पत्रकार शहरात होते. विषय अचानक मोठा झाला आणि तितकाच सपाटही झाला. दुसऱ्याच वर्षी कोविडनं वृत्तपत्रांची पानं कमी केली, नोकऱ्या गेल्या आणि बीटवरची अनुभवी माणसं बाहेर पडली. नागपूरचे आजचे अनेक मुक्त पत्रकार त्या कपातीतून आलेले आहेत. मुक्त होणं ही त्यांची निवड नव्हती.

२८ मे २०२१ ला आणखी तेरा जिल्ह्यांना नागपूरसारखेच अधिकार मिळाले आणि देशभर मथळे झळकले की नियम न करताच सीएए लागू केला. केंद्रानं सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की या अधिसूचनेचा सीएएशी संबंध नाही. वैध व्हिसावर आलेल्यांसाठीची ही २०१६ चीच व्यवस्था होती. सीएए हा मुख्यतः कागदांविना आलेल्या किंवा मुदत उलटून राहिलेल्यांना 'बेकायदा स्थलांतरित' या शिक्क्यातून बाहेर काढणारा कायदा, आणि तोही ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांसाठी. नागपुरात ही व्यवस्था साडेचार वर्षं चालू होती. इथल्या एखाद्या जाणत्या बातमीदाराला कुणी विचारलं असतं तर तो घोळ एका फोनमध्ये मिटला असता.

११ मार्च २०२४ ला सीएएचे नियम आले. अर्ज पोर्टलवर गेला. जिल्हास्तरीय समितीचं काम टपाल खात्याच्या अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे, आणि अंतिम निर्णय राज्याच्या जनगणना संचालकांच्या अध्यक्षतेखालील अधिकारप्राप्त समितीकडे. मूळ देश दाखवायला नऊ प्रकारच्या कागदांपैकी एक आणि प्रवेशाची तारीख दाखवायला वीसपैकी एक पुरतो. त्यांची मुदत संपलेली असली तरी चालतं. अर्जदाराच्या धर्माबद्दल स्थानिक नामांकित सामाजिक संस्थेचं प्रमाणपत्र लागतं. अर्जदारांना हे सोपं गेलं असेल. बातमीदारांचं मात्र नुकसान झालं. कलेक्टर ऑफिसातल्या ज्या टेबलाशी त्यांनी सात वर्षं ओळख जोडली होती, ते या नव्या वाटेवर लागतच नाही. टपाल आणि जनगणना ही केंद्राची खाती, माहितीचा अर्ज केंद्राकडे करावा लागतो. आता आतली माहिती असते ती प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांकडे आणि अर्ज भरून देणाऱ्या वकिलांकडे, आणि दोघांनाही आपली यशोगाथाच छापून यावी असं वाटतं.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ तारखेपासून रद्द झाले. राज्यात सुमारे पाच हजार पाकिस्तानी असून त्यांत सर्वाधिक, अडीच हजारांच्या घरात, नागपुरात आहेत आणि शंभरावर बेपत्ता आहेत, असे आकडे छापून आले. बेपत्ता कुणी नाही असा खुलासा पुढे सरकारकडून झाला. एलटीव्हीला तो आदेश लागू नव्हता, हे केंद्रानं त्याच आठवड्यात स्पष्ट केलं होतं. नागपूरचा आकडा मोठा का, याचं उत्तर जरीपटक्यात आणि २०१६ च्या अधिसूचनेत आहे. ते उत्तर आकड्याच्या शेजारी छापलं गेलं नाही याचा त्रास तिथल्या मुलांना शाळा-कॉलेजात सोसावा लागतो. ही निष्काळजी नुसत्या तपशिलाची म्हणून सोडून देता येणार नाही.

१ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा लागू झाला. १९२० चा पासपोर्ट प्रवेश कायदा, १९३९ चा नोंदणी कायदा आणि १९४६ चा परकीय नागरिक कायदा हे सगळे त्यानं रद्द झाले. सोबतच्या सवलतीच्या आदेशात त्याच तीन देशांतल्या सहा अल्पसंख्याक समाजांना ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आले असल्यास कागदांवाचून राहिल्याबद्दलच्या कारवाईतून सूट आहे. काही ठिकाणी ही 'सीएएची तारीख दहा वर्षांनी वाढली' अशी बातमी झाली. तसं झालेलं नाही. २०१४ ची तारीख नागरिकत्वासाठीची, २०२४ ची फक्त कारवाई टाळण्यासाठीची. २०१९ मध्ये आलेल्या माणसाला पकडलं जाणार नाही, पण सीएएतून नागरिकत्वही मिळणार नाही. मुक्त पत्रकाराची निवड करताना संपादकानं हा एक प्रश्न विचारला तरी पुरे.

पश्चिम विदर्भात याच विषयाची दुसरी बाजू दिसते. २०२३ च्या दुरुस्तीनं उशिराच्या जन्मनोंदीचे अधिकार न्यायदंडाधिकाऱ्यांकडून महसूल अधिकाऱ्यांकडे आले. अकोला, अमरावतीकडे बांगलादेशींना दाखले दिल्याचे आरोप झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्यानं असे दाखले देणं थांबवून विशेष तपास पथक नेमलं. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्रानं नागरिकत्व सिद्ध होत नाही असं म्हटलं. मग जन्मदाखला नसलेल्या साठीतल्या शेतमजूर बाईनं काय दाखवायचं, हा प्रश्न तहसीलच्या बाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाला रोज पडतो. अशा अर्जनवीसांशी बोलणारा वार्ताहर अकोल्यात शोधावा, नागपूरच्या डेस्कवर तो मिळणार नाही.

नागपुरात शोधायचं तर २०१७ ते २०२० च्या स्थानिक पानांतल्या प्रमाणपत्रवाटपाच्या बातम्या काढून बायलाइन, म्हणजे बातमीदारांची छापलेली नावं, पाहाव्यात, मग नागपूर खंडपीठात परकीय नागरिकांच्या याचिका चालवणाऱ्या वकिलांना विचारावं की निकालाची प्रत मागायला कोण येतं. आणि मानधन बातमी पाठवण्याआधी ठरवावं, प्रवासखर्चासह. गोठणगावला जाऊन यायचा दिवस हा कामाचाच दिवस असतो.

पुढची बातमी कुठली असेल तेही दिसतं आहे. १ जुलै १९८७ पासून इथं जन्मलेल्या मुलाचे आई-वडील दोघंही परदेशी नागरिक असतील तर ते मूल जन्मानं भारतीय ठरत नाही. जरीपटक्यात एलटीव्हीवरच्या घरांत जन्मलेली अशी अनेक मुलं आता विशीत पोचली आहेत. आई-वडिलांना प्रमाणपत्र मुलाच्या अठराव्या वर्षाआधी मिळालं की अर्ज एका पोटकलमाखाली होतो, नंतर मिळालं की दुसऱ्या, आणि दोन्हींचे कागद वेगळे. प्रवेश, शिष्यवृत्ती, पासपोर्ट, मतदान या सगळ्यांचा निकाल त्यावर अवलंबून आहे. ही बातमी करायला हिंदी-सिंधी बोलणारा, त्या गल्ल्यांत विश्वास असलेला आणि पाचवं कलम पाठ असलेला माणूस हवा, आणि एका बातमीसाठी त्याला महिनाभर वेळ देणारा संपादक हवा.