ओओपी शिकायला कुठलं पुस्तक? आधी थोडी पार्श्वभूमी

ओओपीसाठी (ऑब्जेक्ट-ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग, म्हणजे डेटा आणि त्यावरचं काम एकत्र बांधून प्रोग्रॅम लिहायची पद्धत) पुस्तक सुचवा म्हटलं की तीच चार-पाच नावं पुढे येतात, पण ती कधी आणि कोणासाठी लिहिली हे कोणी सांगत नाही आणि नवा माणूस नेमका तिथेच अडकतो.

ओओपीचं मूळ नॉर्वेत. ऑस्लोमधे डाल आणि निगार्ड या दोन संगणकशास्त्रज्ञांना सिम्युलेशन (खऱ्या गोष्टींची संगणकावरची नक्कल) लिहायला सोयीची भाषा हवी होती, त्यातून सिम्युला ६७ आली आणि क्लास (साचा), ऑब्जेक्ट (त्या साच्यातून बनलेली वस्तू), इनहेरिटन्स (एका क्लासचे गुण दुसऱ्याने वारशाने घेणं) हे सगळं तिच्यातच होतं. पुढे तिला दोन फाटे फुटले. झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात अ‍ॅलन के आणि मंडळींनी स्मॉलटॉक ही भाषा केली, तिथे सगळा भर ऑब्जेक्ट एकमेकांना मेसेज पाठवतात यावर, आणि १९७९ पासून स्ट्रूस्ट्रुपने सिम्युलातले क्लास सी भाषेमधे आणले (तीच पुढे सी प्लस प्लस), तिथे भर टाइप (कुठला डेटा कुठल्या प्रकारचा हे आधीच ठरवणं) आणि वेगावर. म्हणून तर दोन चांगली पुस्तकं ओओपीची व्याख्याच वेगवेगळी देतात, वाचणाऱ्याला वाटतं आपल्यालाच समजत नाहीये!

१९८८ मधे बर्ट्रांड मेयरचं 'ऑब्जेक्ट-ओरिएंटेड सॉफ्टवेअर कन्स्ट्रक्शन' हे जाडजूड पुस्तक आलं, कॉन्ट्रॅक्टची (कोडच्या दोन भागांनी एकमेकांना काय द्यायचं याचा करार) कल्पना त्यात फार नीट मांडलीय. मग १९९४ चं 'डिझाइन पॅटर्न्स', चार लेखक, २३ पॅटर्न (नेहमी येणाऱ्या अडचणींवरच्या ठरलेल्या रचना), उदाहरणं सी प्लस प्लस आणि स्मॉलटॉकमधली, कारण जावा यायची होती १९९५ ला. हे ओओपीची ओळख करून देणारं पुस्तक नाही असं लेखकांनीच प्रस्तावनेत लिहिलंय, तरी आपण तेच नवशिक्याच्या हातात देतो. हे मला खरंच खटकतं. शिवाय त्यातला इटरेटर (यादीतल्या गोष्टी एकेक करून घेण्याची सोय) आता बहुतेक भाषांत आयता मिळतो, त्यामुळे तो पॅटर्न मुळात का लागला हेच कळत नाही. इनहेरिटन्सपेक्षा कॉम्पोझिशन (छोटे ऑब्जेक्ट जोडून मोठा बनवणं) बरं हा सल्लाही त्यातलाच, पण कितीतरी लोक त्यानंतरही प्राणी-कुत्रा-मांजर अशी इनहेरिटन्सचीच उदाहरणं शिकले.

२०१२ मधे सँडी मेट्झने रूबी भाषेवर 'प्रॅक्टिकल ऑब्जेक्ट-ओरिएंटेड डिझाइन इन रूबी' लिहिलं आणि मेसेजचा विचार परत पुढे आणला, माझ्या मते सुरुवात तिथूनच करावी, रूबी येत नसली तरी. फाउलरचं 'रिफॅक्टरिंग' (प्रोग्रॅमचं काम न बदलता कोडची रचना सुधारणं) त्यानंतर वाचा, २०१८ च्या आवृत्तीत उदाहरणं जावास्क्रिप्टमधे आहेत, जुन्यात जावा होती. पॅटर्न्सचं पुस्तक मात्र स्वतःचा एखादा प्रोजेक्ट वाढून त्यात बदल करणं अवघड व्हायला लागलं की मग उघडा.