नाण्यावर शहराचे नाव म्हणजे टांकसाळ नव्हे

शिरस्त्राण घातलेला चेहरा, भोवती 'कॉन्स्टँटिनोपोलिस' अशी अक्षरे. असे छोटे रोमन कांस्य नाणे दिसले की ते त्याच शहरात पाडले आणि चेहरा सम्राट कॉन्स्टंटाइनचा, असे बिनदिक्कत सांगितले जाते. दोन्ही चूक. चेहरा नगरदेवतेचा आहे आणि ३३० साली कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) या नव्या राजधानीची प्रतिष्ठापना झाल्यावर ही नाणी साम्राज्यातल्या अनेक टांकसाळींत पाडली गेली.

टांकसाळ ओळखायची तर नाणे उलटा. गलबताच्या नाळेवर (पुढच्या टोकावर) पाय ठेवून उभ्या पंखधारी विजयदेवतेच्या खालची अक्षरे भिंगातून वाचा. 'टीआरपी' (वाहिन्यांचा नव्हे!) म्हणजे जर्मनीतले ट्रिअर. 'पीकॉन्स्ट'ला मात्र भलेभले फसतात. ते फ्रान्समधले आर्ल. त्याचे नाव तेव्हा कॉन्स्टंटिना होते. खुद्द कॉन्स्टँटिनोपलच्या नाण्यावर 'कॉन्स' आणि पुढे टांकसाळीतल्या कार्यशाळेचे ग्रीक अक्षर असते.