विचारल्याशिवाय सांगायचं नाही

"काका, काय होतंय?" असं भाचीनं विचारलं तेव्हा मला आधी हसूच आलं. एरवी मी तिचा मामा. पण त्या संध्याकाळी सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या बाहेरच्या खोलीत मी ५२ वर्षांचा, मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारा हमाल होतो आणि ती डॉक्टर. टीपॉयवर मोबाइल, त्यात ८ मिनिटांचा गजर.

भाची मिरजेला इंटर्नशिप करतेय आणि परदेशी डॉक्टरांना ब्रिटनमध्ये काम करायचं तर द्याव्या लागणाऱ्या 'प्लॅब' परीक्षेच्या दुसऱ्या टप्प्याची तयारीही. ती परीक्षा मँचेस्टरला जाऊन द्यावी लागते. एकूण १६ प्रसंग, प्रत्येकाला ८ मिनिटं. दाराबाहेरची सूचना वाचायला दीड मिनिट, मग आत. आतला पेशंट बहुधा खरा नसतो, आजार शिकवून बसवलेला असतो. हौशी नाटकात चार-दोन कामं केलेला मामा घरातच असल्यावर तिला आणखी कोण हवं? आधी इंग्रजीतून करून पाहिलं. माझं इंग्रजी ऐकून डॉक्टरच लोळायला लागली, तेव्हा मराठीवर आलो.

हे सोंग पहिल्यांदा उभं केलं हॉवर्ड बॅरोज या मेंदूविकारतज्ज्ञानं, १९६३ साली, लॉस एंजेलिसमध्ये. चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसणाऱ्या एका बाईला त्यांनी मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारानं पाय लुळे पडलेल्या रुग्णाची भूमिका शिकवली. वर्तमानपत्रांनी टर उडवली, मेडिकल कॉलेजात हॉलिवूड शिरलं म्हणून. पण बॅरोज यांना ही गरज का वाटली, त्यामागचा किस्सा मला फार आवडतो. परीक्षेसाठी बसवलेल्या एका खऱ्या रुग्णानं त्यांना नंतर सांगितलं, की एक उमेदवार फार आडदांडपणे वागला, तेव्हा मी मुद्दाम त्याला चुकीची लक्षणं दाखवली! खरा रुग्ण थकतो, चिडतो, बराही होतो. आपल्याकडच्या 'लाँग केस'मध्ये, म्हणजे एकाच खऱ्या रुग्णाला सविस्तर तपासायच्या परीक्षेत, तर मुरलेले पेशंट विद्यार्थ्याला हळूच आपलं निदानही सांगून टाकतात, असं भाची म्हणते.

माझ्या हातात तिनं दिलेला कागद होता. पहिलं वाक्य ठरलेलं: "डॉक्टर, पित्त लई वाढलंय." बाकीचं 'विचारलं तरच' या मथळ्याखाली. ओझं घेऊन चढताना छातीत भरल्यासारखं होतं, बसलं की थांबतं. वडील पन्नाशीत अचानक गेले. बिडी आहे. मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे, म्हणून ॲडमिट करतील याची भीती आहे. वाक्यं माझी, माहिती कागदाची.

आम्हा सांगलीकरांना हा प्रकार नवा वाटू नये. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली इथं 'सीता स्वयंवर' केलं तेव्हा पदं तेवढी बांधलेली होती. ती सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं त्या आधारानं आयत्या वेळी संवाद बोलायची. फरक एवढाच, की नट रोज वेगळा रंग भरू शकतो. नकली पेशंटला ती मुभा नाही. विसाव्या उमेदवारासमोरही तेवढाच कण्हायचा, आणि न विचारलेलं तेवढंच पोटात ठेवायचा. रडणं सोपं असतं, गप्प बसणं अवघड.

पहिल्या फेरीत मी "पित्त लई वाढलंय, परवा यार्डात..." एवढं म्हणतोय तोच प्रश्न आला, "जेवण वेळेवर करता का?" यार्ड तिथंच राहिलं. पुढं "स्मोकिंग करता?" मी म्हणालो, "न्हाई, शिग्रेट कधी न्हाई." खोटं नव्हतं ते. गजर वाजला तेव्हा हमालाच्या हातात पित्ताच्या गोळ्यांची चिठ्ठी होती आणि बहुधा त्याच्या हृदयाच्या धमनीत अडथळा.

तिला वाईट वाटलं, पण ती एकटी नाही. १९८४ साली अमेरिकेत डॉक्टर-रुग्णांच्या ७४ भेटींची ध्वनिमुद्रणं तपासली गेली. डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत रुग्णाला तोडत होते. आणि तोडल्यानं काय जातं? इंग्लंडमध्ये १९७५ साली बाह्यरुग्ण विभागातल्या ८० नव्या रुग्णांचा अभ्यास झाला. त्यातल्या ६६ जणांचं निदान नुसती हकिगत ऐकून झालं ते शेवटपर्यंत टिकलं. शरीर तपासून ७ जणांचं बदललं, प्रयोगशाळेतल्या तपासण्यांनी आणखी ७ जणांचं.

योगायोग असा, की त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये डंडी इथं रोनाल्ड हार्डेन यांनी 'ऑस्की' ही परीक्षापद्धत मांडली. सगळ्यांना तेच प्रसंग, घंटा वाजली की पुढच्या टेबलाकडे. एका मोठ्या केसऐवजी इतके तुकडे कशाला? कारण छातीच्या दुखण्यात हुशार ठरलेला डॉक्टर फिट येणाऱ्या मुलासमोरही हुशार ठरेल असं नसतं. एका केसवरून माणूस जोखणं म्हणजे एका शितावरून भाताची परीक्षा, आणि इथं प्रत्येक शीत वेगळं शिजलेलं.

या पद्धतीतही खोट आहे. भाची क्लासच्या नोट्समधली प्रश्नांची यादी घोकून आली होती. यादीप्रमाणे टिक मारून गुण द्यायचे, तर घोकणाराच पुढं जातो. १९९९ साली कॅनडात एका मनोविकाराच्या ऑस्कीत मुरलेल्या डॉक्टरांना यादीवर विद्यार्थ्यांपेक्षा कमी गुण पडले. ते मोजके, नेमके प्रश्न विचारून निदानाकडे जातात, आणि टिका कोऱ्या राहतात. म्हणून आता परीक्षकाच्या एकूण मतालाही वजन देतात. प्लॅबमध्ये माहिती काढणं, उपचार ठरवणं आणि पेशंटशी वागणं हे तीन भाग वेगवेगळे जोखले जातात.

दुसऱ्या फेरीत तिनं 'स्मोकिंग' टाकून "बिडी, तंबाखू, मिश्री?" असं विचारलं. बिडी निघाली, लग्न नाही निघालं.

तिसऱ्या वेळी ती "काका, सांगा" म्हणाली आणि चक्क गप्प बसली. पित्त झालं, यार्ड झालं, माझं ठरलेलं बोलणं संपलं तरी गप्पच. पंख्याचा आवाज तेवढा. ती नुसती बघत होती. मला राहवेना. "वडील असेच गेले हो माझे," मी बोलून गेलो, "आणि पोरीचं लग्न तोंडावर आलंय."

"मामा!" डॉक्टरनं कपाळावर हात मारला. "ते विचारल्याशिवाय सांगायचं नव्हतं!"

आणि तिनं गजर पुन्हा ८ मिनिटांवर लावला.