तळटीप व वाङ्मयचौर्य (इतिहासाच्या विद्यार्थी-निबंधांत)

निबंधातील विधान कोणत्या साधनावर उभे आहे, हे पानाच्या तळाशी नेमके सांगणारी नोंद म्हणजे तळटीप. दुसऱ्याचे शब्द, मांडणी किंवा शोध श्रेय न देता आपला म्हणून खपवणे हे वाङ्मयचौर्य.

मराठ्यांच्या इतिहासासाठी छापील साधनाची टीप साधारण अशी लिहितात : वि. का. राजवाडे (संपा.), ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’, मग खंड, प्रकाशनस्थळ, वर्ष, लेखांक (खंडात त्या कागदाला दिलेला क्रमांक), पृष्ठ. विद्यार्थी नेमका लेखांक गाळतात. आवृत्तीगणिक पृष्ठे बदलतात, लेखांक सहसा तोच राहतो. अप्रकाशित कागदाला रुमाल (दफ्तरातले कापडात बांधलेले गाठोडे) व पुडक्याचा क्रमांक हवा. नुसते ‘पेशवे दफ्तर’ लिहिले, तर पुण्यातील मूळ दफ्तर की इतिहासकार गो. स. सरदेसायांनी संपादित केलेले ४५ छापील खंड, हे कळायला मार्ग नाही. कच्च्या मसुद्यात ‘तत्रैव’ (म्हणजे आधीच्या टिपेतलाच ग्रंथ) वापरू नये. मध्ये एखादी नवी टीप घुसली की ते भलत्याच ग्रंथाला चिकटते.

तारखांतही फसगत होते. मराठी कागदपत्रांत येणाऱ्या शुहूर सनाचे वर्ष मृगाच्या सुमारास बदलते, म्हणून इसवी सन काढताना त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात : शुहूर ११६१ म्हणजे इ. स. १७६०-६१. साधनातली तारीख आधी लिहावी, रूपांतर कंसात.

सर्रास होणारी आणि क्वचितच पकडली जाणारी चोरी म्हणजे उसनी तळटीप. आधुनिक ग्रंथातली टीप जशीच्या तशी उचलायची आणि मूळ पत्र आपणच पाहिल्याचा आव आणायचा. ग्रंथात लेखांक चुकीचा छापला असेल तर तीच चूक निबंधात उतरते आणि परीक्षकाला माग लागतो तो त्यावरूनच. मूळ पाहिले नसेल तर ‘अमुक ग्रंथात उद्धृत’ लिहून त्या ग्रंथाचे पृष्ठ द्यावे. त्यात कमीपणा नाही.

शब्द बदलून सुटका होत नाही. ‘छावणीतील धान्य संपल्याने भाऊसाहेबांना लढाईस उभे राहणे भाग पडले’ याचे ‘गोटातील अन्न सरल्याने सदाशिवरावांना युद्ध करावे लागले’ केले, तरी वाक्याची चौकट दुसऱ्याचीच. इंग्रजी परिच्छेद मराठीत उतरवला तरी तेच. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली, हे सर्वज्ञात असल्याने याला टीप लागत नाही. तिथल्या मृतांच्या आकड्याला लागते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधात इतरांच्या लेखनाशी असलेल्या १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के साम्य असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध, ४० ते ६० असल्यास सुधारित प्रबंध सादर करण्यास वर्षभर मनाई, त्यापुढे नोंदणी रद्द. संदर्भ आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळलेल्या असतात. उसनी तळटीप त्यात सापडतच नाही.