जेनिफरचं माहेर

वसईत किंवा गोव्यात शाळेच्या हजेरीपटावर एखादी तरी जेनिफर सापडतेच. या नावाचं माहेर वेल्समध्ये आहे. तिथलं जुनं रूप ग्वेनहुइवार. ब्रिटनच्या दंतकथांतल्या राजा आर्थरच्या राणीचं हे नाव.

'ग्वेन' म्हणजे पांढरी, शुभ्र; पांढरा असेल तर 'ग्विन'. 'हुइवार'चा अर्थ मात्र वेल्श भाषेत केव्हाच पुसला गेला. तो सापडतो शेजारच्या आयर्लंडमध्ये. तिथल्या जुन्या वीरकथेत राणी मेव्हच्या मुलीचं नाव आहे फिंदावर. ऐकायला वेगळं, पण भाषाशास्त्रज्ञ दोन्ही नावं एकच मानतात, आणि तेही नुसत्या अंदाजाने नाही.

वेल्श आणि आयरिश ज्या भाषेतून निघाल्या त्या प्राचीन केल्टिकमधल्या शब्दारंभीच्या 'व'चा वेल्शमध्ये 'ग्व' झाला, आयरिशमध्ये 'फ'. आपल्याच शब्दांवर हे ताडून पाहता येतं, कारण या भाषा संस्कृतच्या दूरच्या नात्यातल्या. आपली 'विधवा' वेल्शमध्ये 'ग्वेदू', जुन्या आयरिशमध्ये 'फेदव'. दुसरा नियम 'स'चा. सिंधूचं इराणी तोंडात हिंदू झालं, तसाच वेल्शमध्येही शब्दारंभीच्या 'स'चा बहुधा 'ह' झाला. 'सनातन'मधला 'सन', म्हणजे जुना, आयरिशमध्ये 'शॅन' आणि वेल्शमध्ये 'हेन'. मग 'हुइवार'च्या 'ह'मागेही 'स' असणार. आयरिशमध्ये तसा शब्द आहेच: 'शीअवर', म्हणजे भूत, छाया. थोडक्यात, राणीच्या नावाचा अर्थ 'शुभ्र छाया'. हजारो वर्षं कुणी न लिहिलेला अर्थ दोन उच्चारनियमांनी असा हाती लागतो, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

पुढचा प्रवास लेखकांच्या हातून झाला. 1136च्या सुमारास मॉनमथच्या जेफ्रीने आर्थरची कथा लॅटिनमध्ये मांडली, त्याच शतकात फ्रेंच कवींनी ती उचलली आणि राणीची 'गनिएव्र' झाली. त्यातूनच इंग्रजी 'ग्विनिव्हिअर' आली. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये मात्र 'जेनिफर' हे रूप रुजलं. बाहेर ते फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. 1906मध्ये बर्नार्ड शॉ यांनी 'द डॉक्टर्स डिलेमा' नाटकाच्या कॉर्निश नायिकेला हे नाव दिलं. पुढे अमेरिकेत 1970 ते 1984 अशी सलग 15 वर्षं मुलींच्या नावांत ते पहिलं राहिलं.

इकडे वेल्समध्ये अर्थ विसरल्यावर लोकांनी नवा अर्थ लावला. 'वार'मध्ये त्यांना 'वौर', म्हणजे मोठी, ऐकू आलं. मोठी आहे तर धाकटीही हवी, म्हणून जुन्या वेल्श कथांत राणीला ग्वेनहुइवाख नावाची बहीण मिळाली. 'वाख' म्हणजे लहान. या दोघींच्या भांडणात एक थप्पड बसली, आणि आर्थरचा शेवट करणारी कामलानची लढाई तिच्यातूनच पेटली, असं त्या कथा सांगतात.