'नाव=किंमत': प्रोग्रामांची शिदोरी

सी भाषेत लिहिलेला वेबसर्व्हर पर्लची स्क्रिप्ट चालवतो, पर्ल पायथनला उठवते, पायथन जावाला. या चारही भाषांची आकडे आणि याद्या साठवायची तऱ्हा वेगळी. तरी डेटाबेसचा पत्ता चौघांनाही बिनबोभाट मिळतो, तो एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून.

ही सोय 1979 साली बेल लॅब्जच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सातव्या आवृत्तीत आली. नवा प्रोग्राम सुरू करायचा तर कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, हाती 'नाव=किंमत' अशा ओळींचा गठ्ठा द्यायचा; लिनक्समध्ये कर्नल तो नव्या प्रोग्रामच्या स्टॅकवर (त्याच्या मेमरीच्या एका भागात) उतरवून ठेवतो. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक शून्य बाइट, बस्स. ही प्रवासाची शिदोरी. एकदा बांधून दिली की घरच्यांना, म्हणजे सुरू करणाऱ्या प्रोग्रामला, तिच्यात भर घालता येत नाही, आणि वाटेत तिचं काय झालं हे घरी कळत नाही. म्हणून पायथनच्या आत बदललेला 'पाथ' (प्रोग्राम कुठे शोधायचे हे सांगणारं व्हेरिएबल) टर्मिनलवर परतल्यावर जुनाच दिसतो. नवशिके इथे हमखास डोकं धरून बसतात.

गठ्ठ्यात असतात फक्त बाइट. आकडा, यादी, खरं-खोटं असे प्रकार तिथे नाहीतच, आणि म्हणूनच कुठल्याही भाषेला तो वाचता येतो. पण अर्थ लावायचं काम ज्याचं त्याने करायचं. 'डीबग=फॉल्स' असं दिलं, तर पायथनला दिसते एक रिकामी नसलेली स्ट्रिंग (अक्षरांची माळ), आणि तशी स्ट्रिंग तो 'खरी' धरतो! जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडमध्ये एखाद्या व्हेरिएबलला 'अनडिफाइंड' दिलं, तर ते पुसलं न जाता त्याच शब्दाची स्ट्रिंग होऊन बसतं. जावा तर चालू प्रोग्रामची किंमत बदलूच देत नाही. पुढच्या प्रोग्रामसाठी मात्र हवी ती बांधून देता येते.

खरा घोळ होतो तो नावांचा. सीजीआय या वेबसर्व्हरने स्क्रिप्ट चालवायच्या पद्धतीत ब्राउझरकडून आलेल्या बहुतेक हेडरांच्या (विनंतीसोबतच्या माहितीच्या ओळींच्या) नावाआधी 'एचटीटीपी_' जोडून सर्व्हर त्याचं व्हेरिएबल करतो. म्हणजे कुणी 'प्रॉक्सी' नावाचा हेडर पाठवला की 'एचटीटीपी_प्रॉक्सी' तयार. आणि नेमकं हेच नाव बाहेर जाणाऱ्या विनंत्या कोणत्या मशीनमार्फत पाठवायच्या हे सांगायला कितीतरी लायब्रऱ्या आधीपासून वापरत होत्या. परक्याने एक हेडर धाडावा आणि सर्व्हरच्या विनंत्या त्याच्या मशीनवरून वळाव्यात, इतकं सोपं. चूक कुणा एकाच्या कोडमध्ये नव्हती, दोन संकेतांची टक्कर होती. 2016 मध्ये 'एचटीटीपॉक्सी' या नावाने हे गाजलं. पीएचपी, गो, पायथन सगळे सापडले. पर्लच्या लायब्ररीने मात्र 2001 मध्येच ही फट बुजवली होती. वेबवरून फाइली आणणाऱ्या कर्ल या प्रोग्रामनेही तेव्हाच साधा उपाय काढला: हेडरपासून बनलेली नावं कायम कॅपिटल अक्षरांत असतात, म्हणून कर्ल हे एक नाव आजही फक्त स्मॉल अक्षरांतच मानतो.